फाईव्ह नाईन, दादा!

"फाईव्ह नाईन, दादा! एकदम खणखणीत," डॉक्टर पावसकर म्हणाले.

"फाईव्ह नाईन, दादा. मांडीला मांडी लावून बोलल्यासारखं वाटतंय," मुल्लाभाई म्हणाले.

"दादा, फाईव्ह नाईन. प्रश्नच नाही," काशीद सर म्हणाले.

आणि मी आमच्या गच्चीवरच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्या आणि पाहुण्यांच्या गाद्या यांच्या मध्ये, सेट कानाशी धरून बसले होते. मांडीवर कोरा कागद, हातात पेन्सिल. डॉक्टर, मुल्लाभाई, सर, तिघांचेही आवाज स्वच्छ येत होते. ज्यांच्यासाठी आंघोळ करून, देवाला हळदकुंकू वाहून बसले होते, त्या दादांचा आवाज तेवढा येत नव्हता. नुसती खरखर.

फाईव्ह नाईन म्हणजे आवाजाच्या स्पष्टपणाला पाचपैकी पाच आणि जोराला नऊपैकी नऊ. हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, ते बोलायला लागले की आधी एकमेकांना असे मार्क देतात. दादांना सगळीकडून पैकीच्या पैकी पडत होते आणि माझ्या पदरात भोपळा.

"आता उज्ज्वलाताईंचा पहिला निरोप," डॉक्टर म्हणाले. "दादा, सांगा."

खरखर. मी पेन्सिल कागदावर टेकवली. खरखर चालूच. थोड्या वेळानं सगळे माझी वाट बघायला लागले, हे मला न बघताही कळलं.

"निरोप मिळाला नाही," मी घाबरत म्हणाले. "दादा, परत सांगाल का?"

पुन्हा खरखर. आणि मग डॉक्टरांचा समजुतीचा आवाज, "ताई, दादांनी परत सांगितला की. अगदी सावकाश सांगितला."

म्हणजे माझी एक संधी गेली. कारण कराडच्या आमच्या क्लबाची रीतच अशी होती. सरकारी परीक्षा पास झालात, परवाना आला, हाक मारायची अक्षरं मिळाली, तरी क्लबात प्रवेश नाही. रोज सकाळी सातला रेडिओवर क्लबाची हजेरी व्हायची. त्या हजेरीत अध्यक्ष, म्हणजे डुबलदादा, नव्या माणसाला एका ओळीचा निरोप द्यायचे. तो शब्दन्‌शब्द परत सांगितला की तुम्ही सदस्य. तीन सकाळी संधी. तिसऱ्या सकाळीही जमलं नाही, तर क्लबाचा उसना सेट क्लबाला परत आणि तुम्ही आपल्या पोळ्या लाटायला मोकळ्या. स्वतःचा सेट घेणं तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं. सेट गेला असता तर सगळंच गेलं असतं.

हे "सगळं" म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचे हे बँकेत होते. माणूस सोन्यासारखा, पण सकाळी पेपर आणि संध्याकाळी टीव्ही यांच्या मागून त्यांचा एकच उद्गार यायचा, "हं." मी काहीही सांगितलं तरी "हं." एकदा परीक्षा म्हणून मी म्हणाले, "अहो, गॅसवर हत्ती ठेवलाय." हे म्हणाले, "हं. झाकून ठेव, नाहीतर मांजर तोंड लावेल." सासूबाईंना कमी ऐकू यायचं आणि थोरल्या लेकाला ऐकूच जायचं नाही. दिवसभर घरात माझी टकळी चालू असायची आणि एक अक्षर कुणाच्या कानात शिरत नव्हतं.

अशात थोरल्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. एका टेबलावर दादा सेट घेऊन बसले होते. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, तारखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाचा ताठ कणा. ते सेटमध्ये म्हणाले, "इथे ऊन आहे, मुलांची गर्दी आहे, आणि चिवडा फार तिखट आहे. ओव्हर." पलीकडून कुठल्या तरी गावचा माणूस म्हणाला, "मिळालं. तिकडे ऊन आहे, मुलांची गर्दी आहे, आणि चिवडा फार तिखट आहे." मी तिथंच खिळले. एवढा मोठा बाप्या माणूस चिवड्याबद्दलचं बोलणं पूर्ण ऐकून घेतो, वर परत म्हणून दाखवतो! लग्नानंतर असं काही मी पाहिलंच नव्हतं.

"बायकांना येतं का हो हे?" मी विचारलं.

"परीक्षा पास झाली की सेटला बाईमाणूस कळत नाही," दादा म्हणाले. "पण अभ्यास करावा लागेल. कट्कडकट्टसुद्धा शिकावं लागेल."

कट्कडकट्ट म्हणजे तारेची भाषा. मी ती पोळपाटावर लाटण्यानं शिकले. सासूबाईंना आठवडाभर वाटत होतं की मी रागावून आदळआपट करतेय, म्हणून त्या कधी नव्हे त्या माझ्याशी गोड बोलत होत्या. मग परवान्याच्या चौकशीला हवालदार आले. ते फाटकात उभे राहून म्हणाले, "उज्ज्वला प्रमोद कणसे हितंच राहत्यात का?" झालं, अख्खी मंगळवार पेठ खिडकीत. शेजारच्या कुलकर्णीबाई तर पदर खोचून जामीन द्यायला धावल्या. एवढे अपराध करून परवाना आला होता. आता निरोपापाशी घोडं अडलं होतं.

ह्यांना मी खाली येऊन म्हणाले, "पहिल्या दिवशी निरोप मिळाला नाही."

"हं," हे म्हणाले. "उद्या दे पाठवून."

मी डॉक्टर पावसकरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर होमिओपॅथीचे. साबुदाण्याएवढ्या गोळ्या बाटलीत मोजता मोजता म्हणाले, "ताई, दादांचा आवाज ऐकू येत नाही म्हणजे तुमचा अँटेना खाली आहे. उंच घ्या."

"तुम्हाला कसा येतो?"

डॉक्टरांच्या हातातून गोळ्या सांडल्या. "मला? फाईव्ह नाईन! म्हणजे काय, प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि गोळ्या वेचायला टेबलाखाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

मग मी मुल्लाभाईंच्या बॅटरीच्या दुकानात गेले. मुल्लाभाई मदतीला तयारच. दुपारी ते लांबलचक कळक घेऊन आले आणि त्याच्या टोकाला माझा अँटेना बांधून गच्चीवर उभा केला. कुलकर्णीबाईंनी खालून विचारलं, "काय गं, यंदा गुढी इतक्या लवकर?" पाडव्याला अजून अवकाश होता, होळीच आठ दिवसांवर होती.

"वहिनी, आता बघा," मुल्लाभाई घाम पुसत म्हणाले. "आता तुमाला मुंबई बी ऐकू यील."

"दादा ऐकू आले म्हणजे झालं हो, मुल्लाभाई. तुमच्याकडे दादांचा आवाज कसा येतो?"

"आमच्याकडं का?" त्यांनी कळकाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "लई भारी येतो," ते म्हणाले आणि चहाही न घेता जिना उतरून गेले.

दुसऱ्या सकाळी मी सेट लावला आणि कानांवर विश्वास बसेना. महाबळेश्वरचे एक गृहस्थ पाचगणीच्या गृहस्थांना स्ट्रॉबेरीचा भाव सांगत होते, तो मला जसाच्या तसा ऐकू येत होता. मग सात वाजले. हजेरीची वेळ झाली. खरखर.

"फाईव्ह नाईन, दादा," डॉक्टर म्हणाले. "आपण म्हणालात ते अगदी योग्य आहे."

"मी बी तेच म्हननार होतो," मुल्लाभाई म्हणाले. "दादांच्या बोलन्याला आपला दुजोरा."

"दादांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे," काशीद सर म्हणाले. सर भूगोल शिकवत, त्यामुळे त्यांना सगळंच विचार करण्याजोगं वाटे. "दोन्ही बाजूंनी."

दादा काय म्हणाले, हे त्यांतलं कुणीच सांगेना. माझा निरोप आला आणि गेला. मी म्हणाले, "मिळाला नाही." डॉक्टर म्हणाले, "अरेरे, आणि आज तर दादा किती मोठ्यानं बोलले!"

मी खाली आले ती रडवेली होऊनच. दोन संधी गेल्या. एकच राहिली. भांडी घासता घासता मनात येत होतं, माझंच काहीतरी कमी आहे. कान, डोकं, नशीब, काहीतरी. पण घासता घासता एक गोष्ट खटकायला लागली. महाबळेश्वरचा माणूस मला ऐकू येतो. दोन डोंगर ओलांडून येतो. आणि शनिवार पेठेतले दादा येत नाहीत? सायकलवर पाय मारला तर पेडल दोनदा फिरायच्या आत शनिवार पेठ येते!

कुणाला विचारावं तर सोय नव्हती. दादांना "तुमचा आवाज येत नाही" असं म्हणायची क्लबात कुणाची छाती नव्हती. मागे एका नव्या पोरानं "दादा, आवाज तुटतोय" म्हटलं होतं, तर दादांनी त्याला भर हजेरीत सांगितलं, "बाळ, माझा आवाज तारेवर दिल्लीपर्यंत गेलाय. तू कानातला मळ काढ." तो पोरगा पुढं पतंगांच्या नादाला लागला. शिवाय क्लब उभा केला तो दादांनी. डॉक्टरांपासून मुल्लाभाईंपर्यंत सगळ्यांना बोट धरून शिकवलं तेही दादांनीच. अशा माणसाला कमी मार्क कोण देणार?

तेव्हा मी ठरवलं, आवाज आपल्यापर्यंत येत नाही ना, मग आपण आवाजापर्यंत जायचं. तिसऱ्या सकाळी सेटला त्याची मूळची आखूड दांडी बसवून तो पिशवीत घातला, ह्यांची लुना काढली आणि निघाले. निघताना म्हणाले, "अहो, मी रेडिओ ऐकायला बाहेर चाललेय."

"हं," हे म्हणाले. "बातम्या झाल्या की सांग."

चौकात थांबून सेट कानाला लावला. डॉक्टर आणि सर एकमेकांना नमस्कार करत होते. दादा नाहीत. दूध डेअरीपाशी थांबले. दादा नाहीत. डेअरीवरचे लोक, मी सेटला कान लावून उभी आहे म्हणून, "स्कोअर काय झाला वहिनी?" म्हणून विचारून गेले. शनिवार पेठेत शिरले. दादांच्या घराच्या कोपऱ्यावर आले. दादा नाहीतच. शेवटी लुना बंद करून ढकलत ढकलत त्यांच्या फाटकात नेली, आणि तिथं मला दादा ऐकू आले.

सेटमध्ये नाही. सेटमध्ये नुसती खरखरच होती. दादा ऐकू आले ते समोरच्या उघड्या खिडकीतून, चांगले दणदणीत. गजांमधून त्यांची पाठ दिसत होती. समोर मोठा सेट, त्यावर क्रोशाचं नक्षीदार झाकण, आणि दादा माईक तोंडाशी धरून गल्लीला जाग येईल अशा आवाजात म्हणत होते, "आजच्या हजेरीत सर्वांचं स्वागत. प्रथम माझा आवाज कसा येतोय ते सांगा."

माझ्या हातातल्या सेटमधून आवाज आले, "फाईव्ह नाईन, दादा!" "फाईव्ह नाईन!" "प्रश्नच नाही!" दादांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

अंगणात हौसाकाकू, दादांच्या पत्नी, सडा घालत होत्या. मला पाहून तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "अगं बया, उज्ज्वला! सकाळच्या पारी हितं काय करतीयास?"

"काकू, हळू," मी कुजबुजले. "दादांचा आवाज रेडिओवर येत नाहीये. कुणालाच येत नसणार."

"कसा यील?" काकू अजिबात न दचकता म्हणाल्या. "दिवाळीला रंगाऱ्यानं गच्ची रंगवली, तवा वायर काढून घमेल्याखाली गुंडाळून ठिवलीया. ती अजून तिथंच हाय."

"तुम्ही दादांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. त्याच दिवशी सांगितलं. संक्रांतीला सांगितलं. परवा बी सांगितलं. ह्ये म्हनले, 'हं.'"

मला वाटत होतं, तो उद्गार फक्त आमच्या घरी तयार होतो.

आता माझ्या ध्यानात आलं. वायर सुटली तरी गावातले जोरदार सेट ऐकायला सेटला उरलेला वायरीचा तुकडा पुरतो. बोलायला मात्र पुरत नाही. म्हणजे दिवाळीपासून दादांना सगळ्यांचं ऐकू येत होतं आणि दादांचं कुणालाच येत नव्हतं. आणि प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना फाईव्ह नाईन येतोय, खोट आपल्याच सेटात आहे. दादा साधारण किती वेळ बोलतात, हे सगळ्यांना पाठ. तेवढा वेळ गप्प बसायचं आणि मान डोलवायची. दिवाळीपासून होळीपर्यंत अख्खा क्लब खरखरीला दुजोरा देत होता.

तेवढ्यात खिडकीतून आलं, "आता उज्ज्वला कणसे यांचा पहिला निरोप. तिसरी आणि शेवटची संधी. नीट लिहून घ्या. आधी ऐका. मग पुन्हा ऐका. त्यातूनही वेळ उरला, तरच बोला. ओव्हर."

मला निरोप मिळाला होता! शब्दन्‌शब्द! सेटमधून डॉक्टर म्हणत होते, "चला ताई, आज तरी सांगा बरं."

खोटं कशाला सांगू, माझा अंगठा बटणावर गेला तो निरोप सांगून मोकळं व्हायच्याच इराद्यानं. कुणाला कळणार होतं? दहा शब्द बोलायचे होते. सेट माझा, क्लब माझा, आणि उद्यापासून मीसुद्धा सगळ्यांबरोबर "फाईव्ह नाईन, दादा." दादा खूश, डॉक्टर खूश. पण समोर काकू उभ्या होत्या, ओला हात पदराला पुसत. त्यांच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आपण या रेडिओच्या नादाला लागलो ते याच्यासाठी का? न ऐकता मान डोलवणारी माणसं घरात काय कमी होती?

मी बटण दाबलं. "दादा, उज्ज्वला बोलतेय. निरोप मिळाला. पण खिडकीतून मिळाला. मी तुमच्या फाटकात उभी आहे. रेडिओवर तुमचा आवाज अजिबात येत नाही. शून्य. ओव्हर."

बटण सोडलं. खरखर. खिडकीतली पाठ ताठ झाली. मला वाटलं, संपलं. सेट पिशवीत ठेवावा आणि इथूनच काकूंच्या हाती द्यावा.

मग मुल्लाभाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "दादा, आता वहिनी बोलल्यात तर सांगतो. मला बी दिवाळीपासनं येत न्हाई. मला वाटलं माजाच सेट गेला. चारदा खोलला."

"मलाही," काशीद सर म्हणाले. "मी अँटेना शेजारच्या नारळावर नेला. दोन झावळ्या तुटल्या. ते लोक माझ्याशी बोलत नाहीत."

डॉक्टर सगळ्यात शेवटी बोलले. "मी पुण्याला जाऊन कान तपासून आलो," ते म्हणाले. "कान उत्तम आहेत म्हणाले."

खुर्ची आदळल्याचा आवाज झाला आणि दादा ओसरीवर आले. चेहरा लालबुंद. मी इतकी दचकले की सेट छातीशी घट्ट धरला.

"डॉक्टर!" दादा माझ्या हातातल्या सेटकडे बघत गरजले. "परवा मी इचारलं, आईची तब्येत कशी हाय? तर तुमी म्हनला, 'मी पूर्ण सहमत आहे!' मला वाटलं, मानूस दुःखात हाय!" मग ते काकूंकडे वळले. "आनि तू गं? वायर सुटल्याली तुला म्हाईत हुतं? मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं."

"कवा? काय सांगितलंस?"

काकूंनी तांब्या उचलून कट्ट्यावर ठेवला, पदर खोचला. "आता असं सांगायची न्हाई. आदी ओव्हर म्हना."

"काय?"

"ओव्हर म्हना. त्या पेटीतल्या मानसांना म्हनता की रोज. 'माजं झालं, आता तुमी बोला, मी ऐकतो.' मला जल्मात कदी म्हनला न्हाईसा."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी लुनाच्या हँडलकडे बघितलं. मग क्लबाचे संस्थापक अध्यक्ष, ज्यांचा आवाज तारेवर दिल्लीपर्यंत गेला होता, ते खालच्या आवाजात म्हणाले, "ओव्हर."

आणि काकू बोलल्या. आधी वायरीचं बोलल्या. वायरीवरून मोरीतल्या गळक्या नळावर आल्या. नळावरून भाचीच्या साखरपुड्यावर, जिथं दादा माईक सोडून आलेच नाहीत. साखरपुड्यावरून त्या वर्षीच्या कुरडयांवर, ज्या दादांनी अँटेना लावताना पायदळी तुडवल्या. एकदोनदा दादांनी तोंड उघडलं, तर काकूंनी नुसतं बोट वर केलं. मध्ये बोलायचं नसतं, हा दादांचाच नियम. दादा मुकाट ऐकत राहिले. एवढं सगळं बोलून, दम घेऊन, काकू शेवटी म्हणाल्या, "ओव्हर."

तेव्हा माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. दचकून सेट धरला होता तो बटणावरच, आणि अंगठा तेव्हापासून तिथंच होता. मी चटका बसल्यासारखा तो काढला.

सेटमधून मुल्लाभाई म्हणाले, "काकू, फाईव्ह नाईन. हे मात्र खरं सांगतोय."

"कुरडयांबद्दल मी पूर्ण सहमत आहे," डॉक्टर म्हणाले. "या वेळी ऐकून सहमत आहे."

मला हसू आवरेना आणि भीतीही आवरेना. दादांनी कपाळाला हात लावला. "परवान्याबिगर बोललीस तू! रेडिओवर!"

"मग काडा माजा परवाना," काकू म्हणाल्या. "लाटनं हाय माज्याकडं."

दादा माझ्याकडे वळले. आवाज एकदम रेडिओवरचा, शुद्ध. "उज्ज्वला, नियमानं तू नापास आहेस. निरोप रेडिओवर मिळाला पाहिजे. खिडकी म्हणजे रेडिओ नव्हे."

"हो, दादा," मी म्हणाले आणि सेट पुढे केला. डोळ्यांत पाणी आलंच. परीक्षा, हवालदार, पोळपाट, सगळं आठवलं. लोणच्याच्या बरण्यांमधली ती जागा आता परत गाद्यांची होणार होती.

दादांनी सेटला हात लावला नाही. "तिसरी संधी अजून संपली नाही," ते म्हणाले. "हजेरी चालूच आहे. मी मिटवल्याशिवाय मिटत नाही. थांब इथंच." आणि धोतराचा सोगा खोचून ते गच्चीचा जिना चढायला लागले.

वर घमेलं उलथल्याचा आवाज आला. बऱ्याच खुडबुडीनंतर दादा खाली आले, हातभर धुळीनं माखलेले, आणि घरात शिरले. खिडकी मात्र आतून धाडकन लावून घेतली. काकू आणि मी फाटकात सेटभोवती डोकं लावून उभ्या राहिलो.

खरखर. खरखर. आणि मग खरखरीतून, जरासा घोगरा, पण दादांचाच आवाज आला. मी पहिल्यांदाच तो रेडिओवर ऐकत होते.

"डुबल बोलतोय. उज्ज्वला कणसे यांना पहिला निरोप. निरोप माझा नाही. हिचा आहे. हिनं दिवाळीला दिला होता, पुढं जायचा राहिला. जसाच्या तसा देतो." खाकरल्याचा आवाज आला. "'अवो, वायर सुटलीया.' ओव्हर."

काकूंचा हात तोंडाशी गेला.

मी बटण दाबलं आणि काकूंच्याच हेलात, एक मात्रा इकडची तिकडे न करता, सांगितलं, "'अवो, वायर सुटलीया.' निरोप मिळाला, दादा. आवाज पाचपैकी चार, जोर नऊपैकी सहा. थोडी घरघर आहे."

"घरघर मान्य," दादा म्हणाले. "निरोप पोचला. क्लबात स्वागत आहे."

मुल्लाभाईंनी "वहिनी, अभिनंदन" म्हटलं, सरांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टर काहीतरी भाषण करायच्या बेतात होते. मी तिथं रस्त्यातच उड्या मारणार होते. पण काकूंनी माझा दंड धरला.

"जसाच्या तसा न्हाई गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्होरं आनखी म्हनले हुते. 'अवो, वायर सुटलीया, ऐकलं का?' ह्येंनी शेवटचं गाळलं."

क्लबाची सदस्य म्हणून माझं पहिलं काम ते होतं. मी बटण दाबून म्हणाले, "दादा, निरोपात दुरुस्ती आहे. शेवटचे दोन शब्द राहिले. काकू म्हणतात, त्या 'ऐकलं का?' असंही म्हणाल्या होत्या. ओव्हर."

बंद खिडकीच्या काचेवर दादांची सावली हललीसुद्धा नाही. काकू सेटकडे बघत होत्या.

मग सेटमधून आवाज आला. घोगरा, पण अक्षर न्‌ अक्षर कळेल असा.

"ऐकलं," दादा म्हणाले. "हौसा, ऐकलं."